कॅन्टीनमधलं व्हेअर, व्हेन आणि व्हाय

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईकडचे किस्से म्हणजे ओट्याखाली कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक ओढायला जावं तर मागून चार बाहेर येतात. नवऱ्याच्या नोकरीपायी मी नाशिकहून सिल्वासाला आले, घरी बसून कंटाळले आणि नरोलीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत कामगारांना इंग्रजी शिकवायला लागले. वर्ग कॅन्टीनमध्ये, पहिली शिफ्ट सुटल्यावर. फळ्यालासुद्धा डाळीचा वास यायचा.

प्लांट मॅनेजर कुलकर्णी, पुण्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की एक परदेशी गिऱ्हाईक जोडलं जातंय, त्यांचा माणूस कारखाना बघायला येणार, लाइनवरच्या लोकांशी बोलणार. तेवढ्यापुरती चार वाक्यं धड बोलता आली म्हणजे झालं. 'झालं' म्हणायला काय जातं! बोलायचं कामगारांनी, शिकवायचं मी.

* * *

मी व्हेअर, व्हेन, हाऊ आणि व्हाय घेतले. म्हटलं, हे शब्द नुसते प्रश्न विचारायला नाहीत, वाक्याच्या मध्ये बसून माहितीही देतात. "व्हेअर इज द की?" हा प्रश्न. "आय नो व्हेअर द की इज," ही माहिती. आता प्रत्येकाने 'आय नो'ने सुरू होणारं एक वाक्य बोला.

शेवटी भगवान पाटील उठला. साक्रीकडचा, मोल्डिंग मशीनवरचा जुना ऑपरेटर, बोलायला सावकाश. म्हणाला, "मॅडम, इथं कोणी 'आय नो' म्हणत नाही. ज्याला माहीत असतं, काम त्याच्याच गळ्यात पडतं."

मग मी 'आय डोन्ट नो' लिहिलं. बघता बघता वाक्यांचा पाऊस! स्पॅनर कुठे आहे माहीत नाही, मशीन कधी बंद पडलं माहीत नाही, साचा कसा तुटला माहीत नाही. एकाचंही वाक्य चुकलं नाही.

* * *

प्रश्नातला 'इज' माहितीच्या वाक्यात शेवटी का जातो, हे मी परोपरीने समजावलं. कोणाच्या डोक्यात शिरेना. पाटीलच शेजारच्याला म्हणाला, "शिफ्ट सुटली रे. प्रश्न संपला, आता इजनं मागं जाऊन बसायचं."

"आणि ओव्हरटाइम असला तर?" वैशालीने विचारलं.

ही वैशाली क्वालिटीत, नंदुरबारची, चुणचुणीत. मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत वळवून हिंदीत संपवणारी. नवीन शिकलेलं तिला लगेच वापरून बघायचं असायचं. एका दुपारी बँकेत जायचं म्हणून गेटपास न घेताच ती गेटवर गेली. वॉचमनने विचारलं, परत कधी येणार? ही ऐटीत म्हणाली, "आय डोन्ट नो व्हेन आय विल कम बॅक."

वॉचमन शांतपणे म्हणाला, "अंग्रेजी में बोलने से गेट नहीं खुलता, मैडम."

* * *

आता पाटलाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

त्याच्या लाइनचा सुपरवायझर जास्त पगारावर वापीला निघून गेला होता. जागा रिकामी. पाहुण्यासमोर जो इंग्रजीत टिकेल त्याचा विचार होईल, असं कुलकर्णींनी कानावर घातलं होतं. सुपरवायझरला कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर मिळते. पाटील वर्षानुवर्षं नरोलीत भाड्याच्या खोलीत, गावाकडच्या पोरांबरोबर पाळीपाळीने भाकरी थापत राहत होता. बायको आणि मुलगी गावी. बाकीचे माझ्या वर्गात इंग्रजी शिकायला यायचे, पाटील बायको-पोरीला आणायला यायचा.

मुलगी तिकडे इंग्रजी शाळेत. एकदा वर्ग सुटल्यावर कॅन्टीनमधूनच तो तिच्याशी फोनवर बोलत होता. स्पीकर चालू, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. आम्हाला कधी नेणार, असं तिने नेहमीसारखं विचारलं. त्याला वाटलं, शिकलेलं वापरून बघू.

"आय डोन्ट नो व्हेन आय विल ब्रिंग यू," तो जपून म्हणाला.

पलीकडून पोरगी म्हणाली, "पप्पा, वाक्य बरोबर आहे."

मी उगाचच फळा पुसायला घेतला. मला फार वाईट वाटलं.

* * *

व्हेअर, व्हेन, हाऊ जमले. व्हाय मात्र कोणी तोंडात धरेना. मी 'व्हाय' म्हटलं की सगळा वर्ग माना खाली घालायचा. मला वाटलं, उच्चाराची भीती असेल.

वैशालीने उलगडा केला. काही बिघडलं की कारखान्यात 'व्हाय-व्हाय' होतं. फळ्यासमोर उभं करून 'का' विचारतात, उत्तर दिलं की त्याचं 'का' विचारतात, त्याचंही 'का'. सुरुवात कुठूनही होवो, शेवटी ऑपरेटरचं नाव येतं. पाटलाचं नाव तर फळ्यावरून पुसलंच जायचं नाही.

"मॅडम," पाटील म्हणाला, "व्हाय सोडून बाकीचं शिकवा. व्हायनं माणूस घरी जातो."

मी म्हटलं, बाबा रे, दुसऱ्याने विचारलं तर घरी जातो, आपण होऊन सांगितलं तर नाही जात. आता हे मी कशाच्या जोरावर बोलले, देव जाणे. पाटलाने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

* * *

पाहुणा आला तो दिवस. कोणी अडलं तर असू द्या, म्हणून कुलकर्णींनी मलाही बरोबर घेतलं होतं. पाहुणा वयस्क, सौम्य, हळू बोलणारा. कारखाना लग्नघरासारखा लखलखीत. खराब निघालेला माल लाल क्रेटमध्ये टाकतात, तीही सगळी रिकामी आणि धुतलेली.

इथला रिवाजच तसा. पाहुणा यायचा म्हटलं की खराब माल सकाळीच कॅन्टीनमध्ये हलवायचा, टेबलांखाली सरकवायचा आणि टेबलांवर जमिनीपर्यंत पांढऱ्या चादरी सोडायच्या. मला वाटत होतं, चादरी चहापाण्यासाठी आहेत.

पाहुणा पाटलाच्या मशीनपाशी थांबला. लाल क्रेटमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, खराब माल कुठे आहे, कोणाला माहीत आहे का?

सगळ्यांना समजलं. 'आय डोन्ट नो' तर माझ्या वर्गाला झोपेत येत होतं. कोणी तेही म्हणेना. कुलकर्णी नजरेने पाटलाला दटावत होते. पाटलाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, खरंच नाही. मलाच घाम फुटला होता.

"आय नो व्हेअर इट इज," पाटील म्हणाला. "आय नो व्हेन वी मेड इट. आय नो हाऊ इट वेंट बॅड." मग रिकामं लाल क्रेट पायाने बाजूला सरकवलं. "अँड आय नो व्हाय इट इज इन द कॅन्टीन."

"व्हाय?" पाहुण्याने विचारलं.

"बिकॉज यू आर हिअर, सर."

वैशालीने ओढणी तोंडावर धरली. माझ्या मनात आलं, गेली याची क्वार्टर, आणि नोकरीही गेली.

पाहुणा हसला नाही, रागावलाही नाही. चष्मा काढून पुसला आणि कुलकर्णींकडे वळून विचारलं, या लाइनचा सुपरवायझर कोण आहे?

लाइनला सुपरवायझरच नाही, हे पाहुण्याला सांगायची सोय नव्हती. कुलकर्णींनी पाहुण्याकडे बघितलं, क्रेटकडे बघितलं, आणि पाटलाच्या दिशेने हात केला.

"ही इज."

पाटील मागे वळून बघायला लागला, कोण आलं म्हणून.