तीन ड्रम आणि कडुनिंबाचा पाला

बार्शीटाकळीकडच्या त्या गावचा तलाव जलपर्णीनं इतका झाकला होता, की पाणी शोधावं लागे. ग्रामपंचायतीनं त्यावर तणनाशक फवारायचं ठरवलं. मासे मेले असते, आणि त्याच माशांवर एक बाई घर चालवायची, सगळे तिला मावशी म्हणत; तिचं काय, हे कोणीच विचारलं नाही. मी अकोल्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते; तलावाचं पाणी तपासायला तिथे गेले होते. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून. भर सभेत बोलून बसले, याच जलपर्णीपासून इंधन काढून पेट्रोलचा फवारणी पंप चालवून दाखवते. सरपंच म्हणाले, "दाखवा. चालला तं फवारणी थांबवू." पंधरा दिवस दिले.

मावशीनं आणि मी जलपर्णी चिरली, आम्लात उकळली, चुन्यानं तिचा आंबटपणा मारला आणि तीन ड्रम भरले. यीस्ट घालून ते मावशीच्या पडवीत उबेला ठेवले. आंबलं की कॉलेजात नेऊन त्यातलं अल्कोहोल वेगळं काढायचं होतं. 'मॅडमनं हातभट्टी लावली' म्हणून गावभर थट्टा चालली होती. झाकणाच्या नळीला हात लावू नका, एवढंच मी मावशीला सांगितलं आणि निघून आले.

शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा ड्रम न्यायला गेले. पहिल्याच्या नळीतून बुडबुडे येत नव्हते. दुसऱ्याच्याही नाही. म्हणजे आंबणं थांबलं होतं. झाकण उघडलं तर वर कडुनिंबाचा पाला, चांगला ओंजळभर. दुसऱ्यातही तेच.

"हे कोणी टाकलं?"

"म्याच," मावशी सहज म्हणाली. "चिलटं घोंगावून राहिले होते. कोठीतल्या जवारीत टाकतो, तसा टाकला."

मग मी जे बोलले ते लिहायला आजही लाज वाटते. अडाणी म्हटलं, सगळं वाटोळं केलं म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाल्यानं काय बिघडलं?"

"आतलं यीस्ट मेलं. जिवंत असतं ते."

तिनं वरचा पाला हातानं बाजूला सारला. "जितं हाय हे तुमी मले सांगतलंच नाही, मॅडम. मासोळीचे पिल्लं सोडतो मी तलावात. जित्याले कावून मारन?"

तिसऱ्या ड्रमला मात्र बुडबुडे होते. पाला सरला होता, म्हणून तो वाचला.

त्या एका ड्रममधून अर्धी बाटलीही निघाली नाही. सगळ्या गावासमोर मी पंपाची दोरी ओढली. एकदा, दोनदा. काही नाही. कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा इंजिन फुरफुरलं आणि चालू झालं. टाकी रिकामी झाली तसं बंद पडलं.

"एवढंच?" सरपंच म्हणाले.

मावशीनं पदर तोंडाशी धरला. मी म्हटलं, "दोन ड्रम माझ्या चुकीनं गेले." खोटं नव्हतं ते.

"चालला तं चालला," सरपंच म्हणाले. "फवारणी नाही. पण दिवाळीपर्यंत अर्धा तलाव मोकळा पायजे."

आठवड्याभरात नवे ड्रम भरले. या वेळी आत काय असतं, ते कशावर जगतं, कशानं मरतं, सगळं मावशीला सांगत बसले. मी बोलतच होते. तिनं ड्रमला कान लावला आणि माझ्याकडे न बघता हात वर केला.

"मॅडम, जरा चूप राहा. आयकू द्या."