पाच पंचवीसची गाडी

गादीवाल्याला अख्खी गल्ली सहीकाका म्हणायची. नावच तसं कमावलं होतं. नऊ वर्षं काका एका हातात दाभण आणि दुसऱ्या हातात निवेदन घेऊन हिंडले. लोक गादी भरायला टाकायला यायचे आणि सही ठोकून जायचे. कुणाकडे मूल जन्मलं तरी आधी सही, मग अभिनंदन. काका येताना दिसले की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला घाईघाईने फेस फासायचा आणि ओरडायचा, "यांना आत्ता हलता येत नाही हो!" काका फेस वाळेपर्यंत बाकावर बसून राहायचे.

मागणी एवढीच, की देशभर वेगवान गाड्यांचं जाळं पसरतंय, नवा मार्ग गावाला खेटूनच जातोय, तर गाडीने इथे दोन मिनिटं थांबावं. निवेदनात व्यापार होता, शिक्षण होतं, आजारी माणसांची सोय होती. खरं कारण मात्र शहरात नोकरीला होतं आणि काकांना बाबा म्हणत होतं.

हा मुलगा वर्षातून एकदा यायचा. जुन्या गाडीने अकरा तास, त्यात मध्ये गाडी बदलायची. दारात उभा राहायचा तो पार भुसकट होऊन. "एवढे हाल काढून आलोय, आता बारा दिवस मला कुणी हलवायचं नाही," म्हणायचा. तीन दिवस नुसता घोरायचा. चौथ्या दिवशी दुकानात येऊन बापाशेजारी मांडी ठोकायचा, आणि कापूस मोकळा करता करता तोंडही मोकळं व्हायचं. साहेबाशी वाजलं, बायको रुसलीय, पोरगी बोलताना अडखळते, वर्गातली मुलं हसतात. काका टाके घालत ऐकायचे. त्यांचा हिशोब सरळ होता: एका खेपेला एवढं बोलतो, तर वर्षात दहा खेपा झाल्या तर किती बोलेल!

थांबा मंजूर झाला. गावाबाहेर काचेचं स्टेशन उभं राहिलं. दिवसाला चार गाड्या, पावणेदोन तासांत शहर. आणि मुलगा खरंच दर महिन्याला यायला लागला. सकाळी दहाला हजर, शेवटच्या पाच पंचवीसच्या गाडीने परत. पहिल्या खेपेला काकांनी त्याच्यासाठी नवीकोरी गादी भरून ठेवली होती. तो तिच्यावर टेकला, "मस्त झालीय" म्हणाला आणि घड्याळ बघितलं.

"आजचा दिवस राहा की रे."

"बाबा, दोन तासांवर तर घर आहे. राहायचं कशाला?"

मग दर खेपेला तेच. औषधं घेता ना, पंखा का वाजतोय, जेवण, एक डुलकी, की रिक्षा दारात. वर्ष सरलं, पण चौथा दिवस काही उजाडला नाही.

न्हाव्याला तर आयतंच कोलीत मिळालं. "काका, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात! आता एकच इलाज. त्याचे बूट लपवा. अनवाणी कुठे जातोय साहेब!" दुकान खदखदून हसलं. काका हसले नाहीत. तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या खेपेला पाच वाजता मुलगा दाराशी आला, तर उजवा बूट नाही. शोधाशोध सुरू. काकाही शोधत होते, अगदी मन लावून. कपाटाखाली डोकं घालून "इथे तरी नाही बुवा" असंही म्हणाले. शेवटी मुलगा समोर धावला, न्हाव्याच्या चपला पायात सरकवल्या आणि रिक्षात उडी मारली. स्टेशनचं फाटक गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी मिटतं. तो पोहोचला तेव्हा ते मिटलं होतं. पुढची गाडी थेट सकाळी.

परत येऊन तो पायरीवर बसला. फोनवर कुणाला तरी समजावत होता, "मी नसलो तरी बोलशील तू. हळू बोल. श्वास घे."

"कोण रे?" काकांनी विचारलं.

"तुमची नात. आज शाळेच्या नाटकात आहे. चार वाक्यं आहेत, महिनाभर घोकलीत. बाबा पहिल्या रांगेत बसले तरच बोलेन म्हणाली होती."

"मग मला सकाळीच सांगायचं नाहीस?"

"सांगणार होतो, बाबा. मग निघायची वेळ झाली."

आठ वाजून गेल्यावर सुनेचा फोन आला. पोरगी स्टेजवर गेली, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि तशीच खाली उतरली. मुलगा नव्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडला. ज्या रात्रीसाठी काकांनी गावभर सह्या मागितल्या होत्या, ती अशी पदरात पडली.

सकाळी काकांनी बूट पुढे ठेवला. "पायरीखाली होता बघ." मुलगा उकिडवा बसला. बुटाच्या शिवणीत कापूस अडकला होता. त्याने तो एकेक धागा करून काढला, बूट घातला आणि गेला.

दोन महिने तो फिरकला नाही. काकांनी फोन हातात घ्यावा, पुन्हा ठेवावा. न्हावीही थट्टा सोडून वस्तरा परजत बसायचा.

तिसऱ्या महिन्यात आला. दाराशी बूट काढले, पिशवीत घातले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला. औषधं झाली, पंखा झाला, जेवण झालं. अडीच वाजता उठला.

"अरे, पाच पंचवीसला किती वेळ आहे अजून!"

"तीन दहाने जातो. उगाच धावपळ नको."

काका रिक्षापर्यंत गेले. दांडा धरून उभे राहिले. "तो बूट मीच लपवला होता."

"माहितीय, बाबा."

"मग भांड तरी माझ्याशी! काहीतरी बोल!"

मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला, दांड्यावरून तो अलगद सोडवला. "पुढच्या वेळी भांडू. आत्ता गाडी गाठायचीय."

रिक्षा वळली. न्हावी दारात आला. "काका, गेला एवढ्यात?"

"गेला," काका म्हणाले. मग जरा थांबून, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या वेळी भांडणार आहे म्हणाला."