ऊस वाहणाऱ्या पोराचं पुढे काय झालं

आई समोर बसलेली असताना मी हसलो. ही माझी चूक. आधी तीच सांगतो.

नव्वदच्या दशकात मी जपानमध्ये, कोबेत इंजिनिअर होतो. मराठी घरांचं एक वाचनमंडळ अभ्यंकरकाकांच्या घरी भरायचं. जपानच्या कारखान्यांत तेव्हा ब्राझीलहून जपानी वंशाची माणसं कामाला येऊ लागली होती. त्या कुतूहलाने आम्ही ब्राझीलच्या कादंबऱ्या घेतल्या, इंग्रजीतून. बालपणाच्या, मोठं होण्याच्या. माझ्या वाट्याला आलेल्या कादंबरीत उसाचा मळा होता, गुऱ्हाळ होतं, ऊस वाहणारी पोरं होती आणि ओट्यावरून सगळं बघणारा मालकाचा मुलगा.

"असं गुऱ्हाळ आमचंही होतं," मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

नव्हतं. आई दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर मोळ्या वाहायची, चिपाडं वाळवायची. ऊस आमच्या हातचा चालायचा. रस उकळायला काहिलीत पडला की मात्र आम्ही लांब उभं राहायचं. शिवायचं नाही. मागितला तर वरून ओंजळीत ओतायचे. भाजायचा.

आई दोन महिन्यांसाठी कोबेला आली, तेव्हा मी तिला मंडळात घेऊन गेलो. खोटं बोललोय हे तिला सांगितलं नव्हतं.

अभ्यंकरकाका कादंबरीवर बोलत होते. "लेखकाने ती ऊस वाहणारी पोरं उगाच हळवी करून ठेवलीत. आपल्याकडची पाहिलीत ना? ऊस चोरायचा आणि त्याच हाताने शेंबूड पुसायचा."

सगळे हसले. मीही. जरा मोठ्यानेच.

काकू आईकडे वळल्या. "मावशी, तुमच्या गुऱ्हाळावर पण असतील की असली पोरं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मी मान खाली घातली.

"व्हती की," आई म्हणाली. "त्यातलं एक लई हुशार. चुलवाणाच्या उजेडात अभ्यास करायचं."

"अय्या. मग काय झालं त्याचं?"

"गेलं कुठंतरी. परत न्हाई दिसलं."

परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या पुस्तकातल्या पोराचं काय हुतं रं?"

"शहरात जातो, शिकतो. मोठा झाल्यावर हे सगळं आठवून लिहितो."

"ते मालकाचं. मी ऊस वाहणाऱ्याचं इचारते."

मी आठवून पाहिलं. तो पोरगा मधेच कुठेतरी नाहीसा होतो. ओट्यावरचा मुलगा गाव सोडतो, त्यानंतर या पोराचं नावही येत नाही.

"त्याचं पुढे काही लिहिलेलं नाही."

"हं," आई म्हणाली.

पुढच्या बैठकीला ती यायला तयार नव्हती. मी आग्रह करून नेलं. तेही चुकलं असेल. पण ज्यांच्यासमोर हसलो, त्यांच्यासमोरच बोलणं भाग होतं.

"ते गुऱ्हाळ आमचं नव्हतं," मी म्हणालो. "आई तिथे मोळ्या वाहायची. ऊस चोरणारं शेंबडं पोर मी होतो. आमच्या हाताला रस चालत नव्हता."

 

"अहो, आधी सांगायचंत," अभ्यंकरकाका म्हणाले. "आम्ही असलं काही मानत नाही."

"म्हणून हसलात?"

ते चष्मा पुसू लागले. "बरं, विषयाकडे वळू या."

"विषय हाच आहे, काका. त्या पोराचं पुढे काय झालं ते मी सांगणार. इथे बोलवा, नका बोलवू. जिथे जाईन तिथे सांगणार. माझ्याच तोंडाने."

मग मी आईकडे वळलो. तिच्या हातात चहाचा कप तसाच होता. ती त्यातच बघत होती. वर बघेना.

"आई, तुझ्यावर सगळे हसले आणि त्यांच्यात मी होतो. माझं चुकलं."