भावाच्या उशाशी न केलेली प्रार्थना

"तोंडाचा कॅन्सर आहे, जबड्याच्या हाडात उतरलाय. ऑपरेशनची वेळ गेली," डॉक्टर म्हणाले. भाऊच्या बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला होता. भाऊनं माझ्याकडे पाहिलं आणि वहिनीला विचारलं, "हिले कोन्ही बलायं?"

वहिनीनंच बोलावलं होतं. ते दोघं भडगावचे, हॉस्पिटल धुळ्याचं, आणि धुळ्यात घर माझं. मी येशूच्या प्रार्थनेला जायला लागले, तेव्हापासून भाऊनं मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला येणं सोडलं. आमच्या खानदेशात आखाजीला भाऊ आला नाही, की बाईचं माहेर तुटलं. मी दारात उभी राहून शेजारणींचे भाऊ पाहिलेत. राग होता, खोटं कशाला बोलू?

वॉर्डात राहू दिलं त्यानं, पण अट घालून. "तू ऱ्हाय. पन मन्हाजोडे तुन्ही प्रार्थना नको."

त्याच्याजवळ प्रार्थना करणार नाही, असं मी कबूल केलं. तोंडावाटे खाणं बंद झालं तेव्हा रायल्स ट्यूब घातली, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी. तुमच्यावर ही वेळ आली, तर भरवताना आणि नंतरही रोग्याचं डोकं उंच ठेवा. घाई केली की ठसका लागतो. रेडिएशनबद्दल डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "हे बरं करण्यासाठी नाही, दुखणं कमी करण्यासाठी आहे." दुखणं फारसं कमी झालं नाही. गालाला भोक पडलं. वासानं वहिनीला मळमळायचं, म्हणून पट्टी मीच बदलायची.

आमच्या मंडळीतल्या, माझ्यासोबत येशूच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायका भेटायला आल्या. त्यांना भाऊच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची होती. मी दारातच अडवलं. "आजाऱ्यासाठी प्रार्थना नको म्हणतेस? कसला तुझा विश्वास?" एक जण म्हणाली. केळी माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या. मला फार लागलं ते.

शेवटी भाऊची शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, "नातेवाइकांना बोलावून घ्या." वहिनीनं माझा हात धरला.

"ताई, आते तरी तुमना देवले सांगा. त्यासले काय समजस?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. मला खरंच वाटत होतं की प्रार्थनेनं तो वाचेल. पण शुद्धीत असताना नको म्हणालेल्या माणसावर, तो बेशुद्ध पडल्यावर मी माझा देव लादू?

"त्यासनी नको सांगेल शे, वहिनी."

तिनं गंगाजलाची बाटली काढली. मी त्याचं डोकं धरलं आणि तिनं ओठांवर थेंब सोडले. ती त्याच्या कानाशी राम राम म्हणत राहिली. त्यातच तो गेला.

घरी येऊन मी दार लावलं आणि प्रभूशी कडाकडा भांडले. अजूनही भांडते. भाऊनं इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती मी त्याला दिली, आणि देताना माझं काळीज फाटलं.