‘घाट उतार’ची पक्की वही

महाडच्या औद्योगिक वसाहतीत जानू उतेकराबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बावीस वर्षं एकाच औषध कंपनीत ऑपरेटर. दर अर्ध्या तासानं रिॲक्टरचं तापमान बघायचं, दाब बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण अक्षर असं की तपासणीला बाहेरची माणसं आली की साहेब मुद्दाम जानूच्या पाळीचे कागद पुढे सरकवत. बिरवाडीत भाड्याची खोली, घरात बायको मैना, आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून वरंधच्या वर डोंगरात असलेल्या आपल्या वाडीत एक चक्कर. दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन म्हणाल तर लिहून ठेवायचं.

अशा या माणसाच्या घशाखाली गुरुवारपासून घास उतरत नव्हता. कारण त्याच्या लिहिण्यातच खोट निघाली होती, आणि ती खोट त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

झालं होतं ते असं. लॉकडाऊनच्या वर्षी जानूचा चुलत भाऊ रामा मुंबईहून बायकापोरांसकट वाडीत येऊन राहिला. रामाचा शुभम तेव्हा अठराचा, त्याची बहीण अंकिता पंधराची. शाळा मोबाइलवर, आणि रेंज फक्त देवळामागच्या कातळावर. शाळेच्या निमित्तानं ही दोघं दिवसभर त्या कातळावर बसत. तिथं शुभमला एक असं ॲप सापडलं की ज्यात नुसते गेम खेळायचे नाहीत, आपले आपण बनवायचे आणि जगात कुणीही ते खेळायचे. शुभमनं आपल्या नंबरवरून खातं उघडलं, चार दिवस खटपट केली आणि कंटाळला. अंकिता कंटाळली नाही. तिनं घाट बनवायला घेतला.

त्या गेमचं नाव ‘घाट उतार’. भोरकडून येणारी एसटी वरंधा घाटातून खाली महाडला सुखरूप आणायची. ऐकायला सोपं, पण खेळून बघा. धुक्यात पुढचं दिसत नाही, वळणावर म्हैस उभी, दरडीचे दगड मध्येच सुटतात, आणि फार ब्रेक दाबले तर ब्रेकच तापतात. मध्येच रस्त्याकडेला कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी उभी राहते आणि ओरडते, “थांब रे डायवर, मी काय उडत येऊ?” हा आवाज अंकिताच्या आजीचा, रंगूबाईचा. थांबलं नाही तर म्हातारी पुढच्या सगळ्या थांब्यांवर शिव्या घालत भेटते.

पोरगी वळणं मोजायला खरोखरच्या घाटात चालत जायची. वाहतूक बंदच होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काठी, आणि सोबतीला जानूकाका, कारण कंपनीही तेव्हा अर्धीच चालू होती आणि पोरीला एकटीला कोण सोडणार. जानूला गेममधलं काय कळत होतं? ओ की ठो नाही. पण आज काय बदललं, का बदललं, आधी काय होतं, हे विचारल्यावाचून त्याला राहवेना, आणि विचारलं की लिहिल्यावाचून राहवेना. त्यानं शंभरपानी वही सुरू केली. ‘अंकी म्हणते धुकं खालून वर चढलं पाहिजे, वरून पडता नये.’ ‘अंकीनं सातवं वळण मोडून परत केलं, बस कठड्यातून आरपार जात होती.’ ‘शुभमनं एसटीला लाल रंग दिला.’ अशी ती कच्ची वही. तिच्यात पानोपानी अंकी होती, शुभम कुठंकुठं होता, आणि पानांवर चहाचे डाग होते.

वर्षभरात तो गेम लाखाच्या वर वेळा खेळला गेला. मुंबईतली, सुरतेतली, कुठकुठली कोकणातली पोरं वाडीचं नाव घेऊ लागली. मग एके दिवशी जानूला पुण्याहून श्रुतिका नावाच्या मुलीचा फोन आला. साध्या लोकांनी घरबसल्या बनवलेले असे गेम एक दिवस बंद पडतात आणि त्यांच्यामागं काही उरत नाही, म्हणून ते कुणी, कधी, कसे घडवले त्याची माहिती जपून ठेवणारी एक मंडळी इंटरनेटवर होती. श्रुतिका त्यातली. “शुभम म्हणाला की तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवलंय. काका, असं कुणीच करत नाही हो. आम्हाला ते मिळेल का?”

जानूचा ऊर भरून आला. त्यात नवल नाही. इतकी वर्षं त्यानं लिहिलेले कागद गठ्ठे बांधून गोदामात गेले होते. मागून नेण्याजोगं त्यानं काही लिहिलंय असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

पण चहाच्या डागांची वही पुण्याला कशी द्यायची? जानूनं नवी वही आणली, निळं पेन आणलं आणि पक्की प्रत करायला बसला. आणि इथंच त्यानं ती गोष्ट केली.

वाडीचा तो कितीतरी वर्षं चिटणीस. पालखी कुठल्या घरी कधी जायची, बंधाऱ्याच्या श्रमदानाला कुठल्या घरातून कोण आलं, या सगळ्या याद्या त्याच्या हातच्या. आणि वाडीची पद्धत अशी की यादीत घराचं एकच नाव यायचं, ते घरच्या कर्त्या बाप्याचं. बंधाऱ्याला घरच्या तीन बाया दिवसभर दगड वाहोत आणि दादला मुंबईला असो, यादीत नाव दादल्याचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, बायांनासुद्धा. नाव घराचं होतं ना. रामा एकटाच मुंबईला परतलेला, म्हणजे घरचा कर्ता आता शुभम. पहिल्या पानावर ‘अंकी’ लिहिताना जानूचा हात थांबला. इंटरनेटवर, साऱ्या जगापुढं, पोरीचं नाव, तेही असं एकटं? बरं दिसेल का? उद्या तिला स्थळं येतील. त्यानं लिहिलं, ‘शुभम रामा उतेकर.’ आणि मग त्या शंभर पानांत जिथं जिथं अंकी होती तिथं तिथं शुभम लिहीत गेला. पाचव्या पानापर्यंत त्याला टोचत होतं, हे तो पुढं स्वतःच कबूल करायचा. नंतर हात सवयीनं चालला.

पक्की वही झाल्यावर त्यानं कच्ची वही बंबात घातली. कंपनीत कच्चा कागद जवळ सापडला तर मेमो मिळतो. पक्कं झालं की दुसरं काही उरता कामा नये, हे त्याच्या अंगातच मुरलेलं. त्यावर तापलेल्या पाण्यानं त्यानं अंघोळही केली.

पक्की वही त्यानं शुभमकडं दिली आणि ती टाइप होऊन पुण्याला गेली. मंडळींनी ती इंटरनेटवर जशीच्या तशी छापली आणि वर लिहिलं, ‘नोंद कशी ठेवावी याचा हा नमुना आहे.’ ते पान जानूच्या मोबाइलमध्ये होतं. कंपनीच्या बसमध्ये त्यानं ते किती जणांना दाखवलं असेल याची मोजदाद नाही. पुढं शुभमचा नंबर बदलला, खातं उघडेना, आणि खातं वापरात नाही म्हणून ॲपवाल्यांनी गेम काढून टाकला. आता ‘घाट उतार’ जगात फक्त जानूच्या वहीत उरला होता.

गुरुवारी दुपारी श्रुतिकाचा फोन आला.

“काका, अंकिता उतेकर कोण?”

“माझी पुतणी. शुभमची बहीण. का गो?”

“पुण्यात गेम बनवायला शिकवणारी एक संस्था आहे. बारा जणांनाच घेतात, पण शिकवणं, राहणं सगळं त्यांचं. तिनं अर्ज केलाय. त्यात लिहिलंय की ‘घाट उतार’ मी बनवला. त्यांनी आमचं पान पाहिलं आणि मला विचारलं. काका, तुमच्या नोंदीत तिचं नाव एकदाही नाहीये. ती खोटं बोलतेय का?”

एवढा सरळ प्रश्न. उत्तरही एका शब्दाचं. जानू म्हणाला, “बघून सांगतो.”

“शनिवारपर्यंत सांगाल? ते शनिवारी यादी लावणार आहेत.”

काय बघणार होता तो? बघायला काही ठेवलंच नव्हतं. पण ‘ती खरं बोलते’ म्हणायचं तर त्याला पुढं ‘मी खोटं लिहिलं’ म्हणायला लागणार होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडेना. त्याला ते नमुन्याचं पान दिसत होतं, बसमधली माणसं दिसत होती, साहेब दिसत होते. एका पोरीचं भलं एका पारड्यात आणि आपली शेखी दुसऱ्या पारड्यात, आणि आपलं पारडं जड होतंय, हे त्याला कळत होतं. लाज वाटत होती. लाज वाटूनही तो गप्प होता.

शुक्रवारी ताट तसंच सारलं तेव्हा मैनेनं विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं. मैना भाकरी थापता थापता थांबली.

“घाटात चालून चालून त्या पोरीच्या पायाला फोड आले हुते. मी तेल लावलंय. आन नाव शुभमचं?”

“घराचं नाव म्हणून लिवलं गो.”

“घर बसलं हुतं का मोबाइल घेऊन? लावा फोन.”

“उद्या लावतो.”

उद्या म्हणजे शनिवार. कंपनीत मोबाइल आत न्यायला बंदी, तो लॉकरमध्ये ठेवायचा. रोजची ही बंदी जानूला त्या दिवशी भलतीच सोयीची वाटली. पाळी सुटल्यावर मोबाइल हातात आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि आता काय उपयोग, असं स्वतःला बजावून त्यानं तो खिशात टाकला. रविवारी तो वाडीत गेला आणि माळ्यावर चढून कच्ची वही शोधू लागला. ती आपण स्वतःच्या हातानं बंबात घातली हे पक्कं माहीत असताना दोन तास शोधली. रंगूबाईनं खालून विचारलं, “काय हरावलं रे जानू?” तो म्हणाला, “काय नाय.”

सोमवारी त्याला ते सोसवेना. कंपनीत जायच्या आधी बिरवाडीच्या नाक्यावर उभं राहून त्यानं श्रुतिकाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. वही अंकिताच्या कामाची आहे, नावं मी बदलली, कच्ची वही मी जाळली.

श्रुतिका म्हणाली, “पान मी आजच बदलते. नोंद कुणी बदलली होती, तेही लिहावं लागेल, काका.”

“लिव्हा. माझं नाव लिव्हा. आन त्या संस्थेला कळवा, मी येऊन सही करतो पायजे तर.”

“यादी शनिवारी लागली. तिचं नाव नाही.”

“माझ्यामुळं.”

“मी त्यांना थांबा म्हणाले होते. काकांचं उत्तर येऊ द्या, म्हटलं. पण त्यांनी तिलाही विचारलं होतं. तिनंच लिहून दिलं की गेम भावाचा आहे, मी फक्त मदत केली होती.”

जानूनं त्या दिवशी खाडा केला. बावीस वर्षांत न कळवता केलेला हा पहिला. मोटरसायकल तशीच पोलादपूरकडं वळवली. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात अंकिता काम करत होती. कॉलेज सांभाळून सकाळची पाळी. काउंटरवर चार माणसं होती. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “काका? कंपनी नाय आज?”

जानूनं माणसं जाईपर्यंत दम धरला नाही. लोकांदेखतच बोलला. “अंकी, माझी चूक झाली गो. वहीत तुझं नाव मी खोडलं. आज पुण्याला सांगितलंय सगळं. पण तू असं का लिवून दिलंस, मदत केली म्हणून? तू केलास तो गेम. मी हुतो ना तुझ्यासंगती.”

तिनं मशीनमधून कागद काढले, टोकं जुळवली, गिऱ्हाइकाच्या हातात दिले. मग म्हणाली, “ती वही मीच टाइप केली हुती, काका.”

“तू?”

“शुभमनं दिलेली. तो कुठला एवढं टायपिंग करतोय. आख्खी शंभर पानं मीच केली.”

“मग तेव्हाच बोलली का नाय?”

“पयल्या चार-पाच पानांना राग आला हुता. वाटलं, बिरवाडीला येऊन भांडू तुमच्याशी. पण काका, तुमचं अक्षर एवढं नीट. तारखा बरोबर, वळणं बरोबर, म्हैस कुठल्या दिवशी टाकली तेपण बरोबर. एवढं सगळं बरोबर लिवणारा माणूस नावच कसं चुकंल? शंभर पानं शुभम, शुभम टाइप करून मला वाटाया लागलं की त्यानंच केला असंल, मी बाजूला बसले असंन. अर्ज भरताना परत थोडं धाडस झालं. मग पुण्याहून फोन आला, त्यांनी वहीचं नाव घेतलं, आन ते धाडस गेलं. मी खोटं नाय लिवलं, काका. मला खरंच तसं वाटत हुतं.”

जानूच्या मागून एका बाईनं आधार कार्ड पुढं केलं. अंकितानं ते घेतलं आणि विचारलं, “दोन्ही बाजू काढायच्या ना?”