पायबुडवी

सन १९९१. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. त्याच श्रावणात माझी बायको तापाने गेली. घरात उरलो मी आणि दहा वर्षांची मंदा. एक दिवस दुपारी मंदाच्या पोटात दुखायला लागलं आणि घरात ओवा सापडेना. कुणाकडे काही मागायला जाणं माझ्या स्वभावात नाही, पण पोर कळवळत होती, म्हणून शेजारच्या वहिनीच्या घरी गेलो. दारात तिची थोरली मुलगी सुमन उभी होती.

"आई कुठे आहे?"

"आई नाही."

सुमनच्या डोक्यावरून मला परसामागचं बावखल दिसत होतं. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतलं तळं. त्याच्या काठावर, धुण्याच्या दगडावर वहिनी बसली होती. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर, पाय पाण्यात, आमच्याकडे पाठ.

"मग ती कोण बसली आहे?"

सुमनने मागे वळून बघितलं आणि अगदी शांतपणे मला समजावलं, "ती आईच आहे. पण आत्ता नाही. पाय वर आले की आई."

ओवा सुमनने दिला. मी तो घेऊन आलो, पण डोकं सणकलं होतं. बाई डोळ्यांसमोर बसली आहे आणि पोरं सांगतात नाही! आमच्या घरात असं कुणी बोललं असतं तर माझ्या आईने फुंकणी घेतली असती.

आमची वाडी वसईला, निर्मळच्या बाजूला. मोगरा, केळी, थोडी भाजी. बावखल आमच्या दोन वाड्यांच्या मधे, अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. त्यांच्या काठावर धुण्याचा दगड, माझ्या काठावर माझं पाण्याचं इंजिन. वहिनीचा नवरा मला मोठ्या भावासारखा. तो मुंबईला कंपनीत कामाला जाई, दिवा लागल्यावर घरी येई. वाडी, तीन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं वहिनीच्या अंगावर. पहाटे बॅटरी घेऊन ती कळ्या खुडायला उतरायची, फुलवाल्याचा टेम्पो गेला की चूल, मग सासूचं, मग पोरांचं. पण दुपारची भांडी झाली, सासूचा डोळा लागला की बावखल. तिथे तिला कुणी हाक मारायची नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. पोरांना तिने सांगून ठेवलं होतं, "घर पेटलं तर बोलवा. भात करपला तर नको."

गावाने तिचं नाव पायबुडवी ठेवलं. पाणवठ्यावर बायका मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. ती हसायची. "पायच बुडवते ना? घर तर नाय ना बुडवत?" ती खाडीकडच्या गावातली, मिठागराच्या बाजूची. पाण्याला शेवटपर्यंत पानीच म्हणायची.

ती काही साधुसंत नव्हती. फुलवाल्याशी वजनावरून असं भांडायची की माझ्या वाडीतले बगळे उडायचे. उसना नेलेला कोयता कधी आपणहून परत केला नाही. माझ्या हद्दीवरच्या माडाचे नारळ तिच्या बाजूला पडले की ते तिचे, आणि तिच्या माडाचे माझ्या बाजूला पडले तरी तिचेच. "भावोजी, माड कुनाचा ते बगा," म्हणायची. "आणि माझ्या माडाचा नारळ?" विचारलं तर म्हणायची, "तो वाऱ्यानं आनला."

ती अशी का बसते ते मला माझ्या बायकोने सांगितलं होतं, जिवंत असताना. सुमन लहान असताना वहिनीने रागाच्या भरात तिला पळीने मारलं. पाठीवर वळ उठला. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. वहिनी ती पळी धुवायला म्हणून बावखलावर गेली, पाय पाण्यात सोडले आणि उठलीच नाही. माझ्या बायकोला म्हणाली होती, "राग डोक्यात असतो असं म्हंतात. माझा तर पायातून खाली गेला बाय." दुसऱ्या दिवशी ती राग नसताना गेली. मग रोजच.

बायको हे सांगताना हसली होती. मीही हसलो होतो. आम्हाला वेळ कुठे होता.

बायको गेल्यावर बाराव्याला मंदाचा मामा केळव्याहून आला होता. भला माणूस. म्हणाला, "दाजी, पोरीला आमच्याकडे द्या. तिच्या मामीला मुलगी नाही. तुम्ही वाडी बघाल की तिच्या वेण्या घालाल?" मी म्हणालो, "दोन्ही करीन." तो म्हणाला, "ठीक आहे. निर्मळच्या जत्रेला येतो. तेव्हा पोरीलाच विचारू. ती सांगेल तसं." माझ्या मुलीचं कुणी मला सांगावं हे मला सहन होत नाही. पण बाराव्याचा दिवस होता.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण माझ्या मोगऱ्याची कळी दादरच्या बाजारात कुणी परत केली नाही. तसंच पोरीचंही करीन असं मला वाटलं होतं. भात रांधला, कपडे धुतले, वेण्या घातल्या. शेजारून डबा आला की तो तसाच परत पाठवला. वेणी घालताना कंगवा अडकायचा, मी ओढायचो. मंदा हूं की चूं करायची नाही. तिचं ते गप्प राहणं मला अंगावर यायचं आणि मी ओरडायचो. कशावरूनही. चप्पल वाकडी, गणित चुकलं, चहा सांडला. शाळा सुटली की ती वहिनीकडे जाऊन बसायला लागली. हाक मारल्याशिवाय येईना.

वहिनीने मला तेव्हा एकदाच टोकलं. मी इंजिनावर पाणी मारत होतो आणि ती पलीकडच्या काठावरून उठून घरी निघाली होती.

"भावोजी, इंजिन तापलं की तुमी ते बंद करता. वर पानी मारता. लेकरासारखं जपता."

"मग? जळून जाईल ना."

"आनि तुमी तापलात की तुमाला कोन बंद करतं?"

"वहिनी, मी माणूस आहे. इंजिन नाही."

"म्हनूनच विचारते," म्हणाली आणि घरात गेली.

मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंही नसेल.

दिवाळी झाली, जत्रा जवळ आली. रविवार होता. दुपारी मंदा माझं जेवण घेऊन वाडीत आली आणि पाटाच्या कडेवर तिचा पाय घसरला. डबा पाण्यात गेला, भात वाहून निघाला. मी धावलो. माझा हात वर गेला. मी तिला मारलं नाही, हे खरं सांगतो. पण तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. पळाली नाही, रडली नाही. वाट बघत उभी राहिली.

मी तिथून निघालो तो इंजिनाशी आलो. पाय चिखलाने भरले होते. धुवायला म्हणून बावखलात घातले आणि तिथेच बसलो. वहिनीने सांगितलं म्हणून नाही. चिखल होता म्हणून. समोरच्या काठावर ती बसलेली होतीच. तिने मला बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं, कुणी आंघोळ करताना दिसलं तर आपण करतो तसं. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. बावखलात बारीक मासे असतात, ते पायाला हळूच तोंड लावतात, एवढंच लिहितो.

घरी गेलो तर मंदाने पुन्हा भात टाकला होता. कच्चा होता. दोघांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चिखल नसताना बसलो. मग रोज. वहिनी तिच्या काठावर, मी माझ्या. इंजिन बंद असायचं. आम्ही एक अक्षर बोलत नसू. लोकांनी आधी वहिनीला नाव ठेवलं होतं, आता मलाही ठेवलं असेल. ठेवो.

जत्रेच्या दिवशी मामा आला. ही गोष्ट त्यानेच मला नंतर सांगितली, अर्धी हसत, अर्धी रागावून. तो दुपारचा पोचला. हातात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि पोरीचे कपडे भरायला एक रिकामी पिशवी. दारात मंदा.

"बाबा कुठे गं?"

"बाबा नाहीत."

"अगं, ते काय, तिथे बसलेत."

"दिसतात. पण नाहीत. पाय वर आले की येतील. तुम्ही बसा मामा, मी पाणी आणते."

मामा ओटीवर बसला. मग त्याने तिला विचारलं, येतेस ना आमच्याकडे, मामी वाट बघते, तुझी वेगळी खोली करू. मंदाने बराच विचार केला म्हणे. मग म्हणाली, "मी आले तर बाबा बसले की दारात कोण सांगणार?"

मी हात-पाय पुसत आलो तेव्हा मामा पिशवीची घडी घालत होता. "पोरीला काय शिकवलंय दाजी," एवढंच म्हणाला. मी तिला काही शिकवलं नव्हतं. सुमनने शिकवलं असेल. मी आत जाऊन चहा टाकला. दूध उतू गेलं तरी ओरडलो नाही.

वर्षं गेली. वहिनीची सासू गेली, पोरं मोठी झाली, मंदाच्या वेण्या मंदाच घालू लागली. लग्न होऊन ती नाशिकला गेली. नवरा-बायको दोघं नोकरीला, एक मुलगी. मी एकटा राहिलो, पण दुपारी समोरच्या काठावर वहिनी होती, म्हणून तसं कळलं नाही.

मग वहिनीचा नवरा वारला आणि पोरांनी वाडी बिल्डरला दिली. त्यांना मी दोष देत नाही. मोगऱ्यात पहाटे उतरणारं आता कोण होतं? वहिनी धाकट्या मुलाबरोबर विरारच्या चंदनसारला राहायला जाणार असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती काठावर आली, पण बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भावोजी, तुमचा काठ देऊ नका कुनाला. माझा गेला." पुढच्या महिन्यात डंपर आले. तिच्या बाजूने भराव टाकला. धुण्याचा दगड कुठे गाडला गेला ते मला अजून दाखवता येईल. माझं अर्धं बावखल मी ठेवलं. माणसं येतात, विचारतात, मी इंजिन चालू करतो, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

चंदनसारला मी तिला भेटायला गेलो होतो. तिसरा मजला, जिना चढताना दम लागला. घर छान, स्वच्छ. वहिनी बाल्कनीत फरशीवर पाय पसरून बसली होती. समोर दुसरी बिल्डिंग, त्यांचे वाळत घातलेले कपडे. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणाली, पिंपं भरून ठेवतो. "त्यात कुठं पाय घालू?" आणि हसली. पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं.

मी माझं गाऱ्हाणं काढलं. दिवाळीत मंदा म्हणाली होती, बाबा, वाडी विका आणि आमच्याकडे या, तुम्ही एकटे असता, माझं कामात लक्ष लागत नाही. मला ते लागलं. माझा काठ माझीच मुलगी विकायला सांगते! तेव्हापासून मी बोलणं टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तिचा फोन यायचा, दुकानदार हाक मारायचा आणि मी त्याला सांगायला लावायचो की बाबा नाहीत. तेव्हा माझे पाय कोरडे असायचे.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "भावोजी, तुमी पाय बुडवता, पन नाक वरच ठेवता. करा तिला फोन."

"तिने करावा."

"तिनं केला ना? तुमीच नव्हता."

मी चहा संपवला आणि निघालो. जिन्यापर्यंत ती पोचवायला आली. पायऱ्यांवर थांबून म्हणाली, "बावखलाला माझं सांगा." ते आमचं शेवटचं बोलणं.

२००९ मध्ये, जत्रेच्या आधी, ती गेली. निरोप आला तसा मी विरारला पोचलो. तिला खाली गाडीपाशी आणून ठेवलं होतं. मी पायांशी उभा राहिलो. इतकी वर्षं त्या पायांना मी पाण्यात पाहिलं होतं. आता ते कोरडे होते, टाचांना भेगा पडल्या होत्या. सुमन जवळ आली, तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. म्हणाली, "काका, मंदाला कळवलंत?"

घरी आलो. बावखलावर गेलो, पण पाय घातले नाहीत. समोर भरावावर बिल्डिंगचं कंपाउंड आहे. तोंड दुसरीकडे करायला आता तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हणालो, नाशिकचा नंबर लाव. तो माझ्याकडे बघत राहिला, मग लावला. फोन नातीने उचलला. सहा वर्षांची आहे.

"कोण?"

"मी आजोबा. वसईचे. आईला दे."

"आई नाही."

मी जे तिच्याशी करत होतो तेच तिने माझ्याशी केलं असं वाटलं. बरोबरच केलं, असंही वाटलं. तरी विचारलं, "ऑफिसला गेली?"

"नाही, घरातच आहे. बाथरूममध्ये, बादलीत पाय घालून बसलीय. ऑफिसच्या आधी रोज बसते. मी दारात असते. पाय वर आले की येईल. तुम्ही फोन ठेवा आजोबा, ती करेल."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, दुकानदार फोनच्या मीटरकडे बघत होता. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तिला उठवू नकोस," मी म्हणालो. "मी ठेवत नाही. मी थांबतो."