दुसरी संमती

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या देशात मी कधी गेलेले नाही. पण त्याचे जिल्हे मला तोंडपाठ होते, कारण तिथल्या नागरिकांच्या ओळखपत्रांची यंत्रणा आमच्या कंपनीने उभी केली होती आणि ती सिंगापूरहून सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बोटांचे ठसे, फोटो, पत्ता, फोन नंबर, सगळं त्यात. एकेका माणसाची माहिती तिथले कर्मचारी रोज बघत. सगळी माहिती एकदम बाहेर काढायची तर मात्र दोन संमती लागत. एक तिथली, एक इथली. इथली म्हणजे माझी.

तिथली संमती नोंदणी खात्याच्या तांत्रिक प्रमुखांच्या हातात होती. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. डोक्याला घट्ट बांधलेलं रंगीत कापड, खणखणीत आवाज. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला सिस्टर. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. काम झालं की व्हिडिओवरच थोड्या गप्पा व्हायच्या. एकदा त्यांनी कॅमेऱ्यासमोर भलामोठा आंबा धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या हापूसला सांग, हा त्याचा थोरला भाऊ."

पण हळूहळू गप्पांत दुसरंच येऊ लागलं. देशाच्या उत्तरेला हत्यारबंद टोळ्या गावं जाळत होत्या. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात येत. नाक्यावर सैनिक कार्ड मागत, आणि नसेल तर हा टोळीतलाच असं धरून चालत. "शिक्षकांना पगार नाही, निवडणूक पुन्हा पुढे ढकलली, आणि मंत्री विचारतोय, कार्डावर माझा फोटो छापता येईल का," असं सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांचंही फार टिकलं नाही.

एका दुपारी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसजवळ हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवत असताना फोनवर सूचना आली. तिकडची यंत्रणा बंद पडली होती. मला वाटलं, समुद्रातली केबल तुटली असेल. ताट अर्धवट टाकून वर आले तर सगळे बातम्या लावून उभे. सैन्याने सत्ता घेतली होती. संसद बरखास्त, इंटरनेट बंद. पडद्यावर मॅडमच्या ऑफिससमोरचा चौक दिसला. एरवी त्यांच्या खिडकीतून दिसायचा तोच, आता मधोमध चिलखती गाडी उभी होती.

पुढचे काही दिवस तिकडून काहीच नाही. मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या देशाचा नंबर होता. आवाज मॅडमचा, पण एकदम हळू. सीमेपलीकडे राहणाऱ्या बहिणीचं सिम त्यांनी वापरलं होतं.

"सिस्टर, नीट ऐक. हे लोक मला सगळी माहिती मागायला लावतील. मोर्चात गेलेले, पत्रकार, शिक्षक संघटनेतले, सगळ्यांचे पत्ते हवेत त्यांना. मी तुझ्याकडे रीतसर मागणी करीन. तू देऊ नकोस."

"आणि तुमचं काय?"

"मी मागायचं, तू नाही म्हणायचं. मी तुला आधी सांगितलंय हे मात्र कुणाला कळता कामा नये."

फोन बंद झाला.

आमचा डायरेक्टर इथलाच, सिंगापुरी, सभ्य माणूस. फोनबद्दल त्याला काही न सांगता मी नुसतं विचारलं, तिकडून माहिती मागितली तर काय करायचं? तो म्हणाला, "आपला करार सरकारशी आहे."

"पण आता सरकार कोण?"

"तेच वकिलांना विचारलंय," तो म्हणाला आणि नजर लॅपटॉपकडे वळवली.

बुकित बातोकच्या घरी नवऱ्याला मात्र सगळं सांगितलं. तो मरीन इंजिनिअर. हल्ली तुआसला जहाजदुरुस्ती बघतो, पण आधी वर्षानुवर्षं जहाजावर होता. त्या किनाऱ्याजवळून जाताना चाच्यांच्या भीतीने कठड्याला काटेरी तार गुंडाळून, दारं आतून लावून त्यांनी प्रवास केले होते. मुलगी टेबलावर अभ्यास करत होती, म्हणून आम्ही हलक्या आवाजात बोलत होतो.

"तू नाही म्हणतेस असं दिसू देऊ नको," तो म्हणाला. "बंदूकवाला जहाजावर आला की आमचा कॅप्टन कधी नाही म्हणायचा नाही. म्हणायचा, मी देतो हो, पण मालकाच्या परवानगीशिवाय कुलूपच उघडत नाही. माणसावर राग निघतो. नियमावर काय काढणार?"

मी करार पुन्हा काढून वाचला. सगळी माहिती द्यायची तर तिथल्या माहिती आयोगाचं पत्र हवं, असं एक कलम होतं. आणि तो आयोग सैन्याने संसदेबरोबरच मोडीत काढला होता.

इंटरनेट थोडंसं सुरू झालं आणि मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. तीच खोली, तीच खुर्ची. मागे कुणीतरी उभं होतं. मला फक्त गणवेशाचा छातीपासून कमरेपर्यंतचा भाग दिसत होता. मॅडमनी मागणी वाचून दाखवली. मला सिस्टर म्हणाल्या नाहीत.

"आयोगाचं पत्र लागेल," मी म्हटलं.

तो गणवेश खाली वाकला. चेहरा तरुण होता, डोळे कित्येक रात्री न झोपलेले. माझ्याशी बोलणं अदबीचं. "मॅडम, तुम्ही राहता तिथे शांतता आहे?"

"आहे."

"उत्तरेला माझ्या तुकडीतली मुलं मी स्वतःच्या हातांनी पुरली आहेत. त्यांना मारणारे याच शहरात राहतात, यातलंच कार्ड खिशात ठेवून. ते मला शोधायचेत. आणि तुम्ही पत्र मागता?"

तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. पण त्या माहितीत मोर्चातली पोरंही होती.

"मला कळतंय," मी म्हटलं. "पण पत्राचा नंबर घातल्याशिवाय यंत्रणा उघडतच नाही. माझ्याही हातात नाही."

हे साफ खोटं होतं. त्यांची संमती आणि माझी, एवढ्यावर ती उघडली असती. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, मग मॅडमकडे वळला. "खरंय हे?"

मला वाटलं, मी त्यांना खड्ड्यात ढकललं. माझं खोटं मी समुद्रापलीकडून बोलले होते. त्यांना ते त्याच्या शेजारी बसून बोलायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसावा तसा अंगावरच्या कपड्याला पुसला, पुन्हा घातला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "मी काल हेच सांगत होते तुम्हाला."

पडदा काळा झाला. मी डायरेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, फोनसकट. त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मला आधीच सांगायला हवं होतंस," आणि वकिलांना फोन लावला. त्याच संध्याकाळी माझा अधिकार काढून घेतला आणि माहिती गोठवली. आता खरोखरच ती कुणालाही उघडता येणार नव्हती.

त्यानंतर तिकडून एक तरुण मुलगा कॉलवर येऊ लागला. मॅडमची चौकशी केली की "रजेवर आहेत," एवढंच म्हणायचा. मी घरी फोन हातातून खाली ठेवत नसे. मुलगी वैतागून सिंगापुरी लकबीत म्हणायची, "आई, फोन ठेव ना लाह." तिला काय सांगणार?

पावणाऱ्या देवाला काय नवस बोलायचे ते बोलून झाले होते, तेव्हा एकदा दुपारी मॅडमचा मेसेज आला. त्या सीमा ओलांडून बहिणीकडे पोचल्या होत्या. त्यांची मुलगीही बरोबर होती. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

नव्या राजवटीने नंतर दुसऱ्या कंपनीशी करार केला आणि लोकांच्या रांगा लावून पुन्हा ठसे घ्यायला सुरुवात केली. हे कळल्यावर मी मॅडमना फोनवर म्हटलं, "म्हणजे आपण केलं ते वायाच गेलं."

"वेळ मिळाला ना," त्या म्हणाल्या. "ज्यांना निघायचं होतं ते निघाले. त्यातले तिघं माझ्या बहिणीच्या गल्लीतच राहतात."

उत्तरेतली गावं अजून जळतात. मॅडम आता एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, आणि निवडणुकीची नवी तारीख जाहीर झाली की मला कळवतात. मागच्या वेळी मी विचारलं, "परत जाणार का?"

"आधी तारीख टिकू दे," त्या म्हणाल्या, आणि वर्गाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.